बिनघोड्याचे पिस्तूल

कुसगावकडे जाणाऱ्या वाटेच्या डाव्या हाताला दगडाची एक जुनी, सोडून दिलेली खाण होती. मार्गशीर्षातल्या दुपारी तिच्या तळाशी ऊन असे साचून राही की, वर माळावर अंगाला झोंबणारा वारा वाहत असला तरी खाली उतरताच पाठीवर कुणी उबदार हात ठेवल्यासारखे वाटे. तापलेल्या काळ्या कातळाला एक वास असतो, थोडा लोखंडासारखा, थोडा सुकलेल्या शेवाळासारखा. त्यात वाळक्या कारवीचा कडवटपणा मिसळलेला असे. आणि मी चाप ओढला की त्या सगळ्यावर जळलेल्या दारूचा तिखट, नाकात चढणारा वास पसरे. आवाज कातळावर आपटून दोन-तीनदा परत येई, काठावरचे होले भुर्रकन उडून जात, आणि मग एवढी नितळ शांतता पसरे की स्वतःचा श्वासही परक्या माणसाचा वाटावा.

त्या खाणीत मी नेमबाजी शिकलो. कुणावर रोखण्यासाठी नव्हे. निदान तेव्हा माझी तशी ठाम समजूत होती की मी दया करायला शिकतो आहे.

लोणावळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होऊन आलो होतो. पहिले महायुद्ध संपून बरीच वर्षे लोटली होती आणि दुसऱ्याची अजून चाहूलही नव्हती. गावात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हवा खायला आलेली मुंबईची शेठमंडळी स्टेशनापासून आपापल्या बंगल्यापर्यंत टांग्यातून जात आणि संध्याकाळी नागफणीचा कडा पाहायला तट्टांवरून निघत. त्यामुळे माझ्या दवाखान्यात बैल-म्हशींच्या बरोबरीने घोड्यांची वर्दळ असे. पहाटेच्या धुक्यात टापांचा आवाज आधी येई आणि मग त्यातून वाफाळणारी एखादी नाकपुडी प्रकट होई, ते दृश्य आजही डोळे मिटले की समोर उभे राहते.

शिकत असताना मी एका पाय मोडलेल्या घोड्याला घणाने मारताना पाहिले होते. पहिला घाव चुकला होता, दुसराही. ते जनावर गुडघ्यांवर बसून मारणाऱ्याकडेच मदतीच्या आशेने पाहत राहिले होते. त्याच संध्याकाळी मी मनाशी ठरवले की आपल्यावर ती वेळ आली तर हे काम आपण एका क्षणात, वेदनेला जागा न ठेवता करायचे. लोणावळ्याला आल्यावर वरिष्ठांची शिफारस मिळवली, परवाना काढला आणि पुण्याच्या लष्कर भागातल्या एका वृद्ध बोहरी दुकानदाराकडे गेलो. त्याने कपाटाच्या मागच्या खणातून तेलकट फडक्यात गुंडाळलेले एक लहानसे, बोजड हत्यार काढून माझ्यापुढे ठेवले. फिरत्या नळकांड्याचे, पाच गोळ्यांचे. पण त्याच्या पाठीवर घोडा नव्हता. जिथे अंगठ्याने मागे ओढायचा तो वाकडा खिळा असतो, तिथे नुसती गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी पाठ होती.

"घोडा आत लपवलाय," दुकानदार म्हणाला. "आधी चढवून ठेवता येत नाही. प्रत्येक गोळीला चाप पहिल्यापासून शेवटपर्यंत ओढावा लागतो, आणि तो जड आहे. लोकांना असलं आवडत नाही. कारखान्यानं ही बनावटच बंद केली. गोळ्या आहेत तेवढ्या घेऊन जा, पुढं मिळतील याचा भरवसा नाही."

जे हत्यार कुणालाच नको होते, जे पुन्हा कधी बनणार नव्हते, ते मला का आवडले हे सांगणे कठीण आहे. कदाचित त्याच्या जडपणामुळेच. जीव घेणे इतके सोपे नसावे, त्याला बोटाची सगळी शक्ती लागावी, मधल्या प्रत्येक क्षणी माणूस जागा असावा, असे काहीसे तरुण वयातले तत्त्वज्ञान मी त्या पोलादाला चिकटवले.

दवाखान्यातला शिपाई सोपान मूळचा उर्स्याचा, माझ्याहून बराच वडील. मी त्याला सोपानभाऊ म्हणे. मी पिस्तूल साफ करीत बसलो असताना त्याने ते पहिल्यांदा पाहिले आणि उलटसुलट करून म्हणाला, "सायेब, ह्याला घोडाच न्हाई. मंग ह्ये उडतंय कसं?" मी समजावून सांगितले. तो हसला. "म्हंजी घोड्यास्नी मारायचं हत्यार, आन् त्यालाच घोडा न्हाई." मग आपलेच बोलणे त्याला रुचले नसावे, कारण त्याने ते हळूच मेजावर ठेवले आणि धोतराला हात पुसले.

त्या दिवाळीनंतर मी रोज दुपारी खाणीत जाऊ लागलो. कातळाच्या कोनाड्यात खापराचा तुकडा ठेवायचा, दहा पावले मागे यायचे आणि चाप ओढायचा. प्रथम प्रथम गोळी हमखास उजवीकडे जाई, कारण एवढा लांबचा ओढा पुरा होईतो मनगट दमून कलंडे. बोट आत येत राही, नळकांडे कुरकुरत फिरे, आत दडलेला घोडा न दिसता मागे मागे जाई, आणि नेमका कुठल्या क्षणी तो सुटेल हे कधीच आधी कळत नसे. हळूहळू हात बसला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट उमगली. ओढ अर्ध्यावर आली असताना मन बदलले, तर बोट सैल करून चाप तसाच परत सोडता येत होता. घोडा आतल्या आत खाली बसे, नळकांडे ढिले होऊन जागेवर येई आणि काहीच घडलेले नसे. हा खेळ मी खाणीत कितीतरी वेळा खेळलो. कातळासमोर उभे राहून अर्ध्यावर थांबण्यात एक विलक्षण सुख होते. खापराला जीवदान दिल्याचे सुख म्हणा हवे तर.

पहिला प्रसंग घाटात आला. दरीत घसरून पुढचे दोन्ही पाय मोडलेल्या एका तट्टाला मी एका गोळीत मुक्त केले. डोळ्यापासून विरुद्ध कानापर्यंत दोन रेषा मनाने आखायच्या, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे नळी टेकवायची आणि थांबायचे नाही. त्या जनावराची मान खाली पडली ती शेवटचीच. परतताना सोपानभाऊ एवढेच म्हणाला, "बरं झालं सायेब. कळलं बी न्हाई त्येला." त्या रात्री मला शांत झोप लागली. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे तशी झोप पुन्हा लागली नाही.

हुसेनभाई टांगेवाले कुसगावच्या शिवेवर राहत. पन्नाशीकडे झुकलेले, सडपातळ, मेंदी लावलेल्या दाढीचे. घरात ते आणि त्यांची बायको अमीना. एकुलती एक मुलगी लग्न होऊन तळेगावला गेलेली. त्यांची घोडी पिवळसर बदामी रंगाची, आणि त्या रंगावरूनच तिचे नाव शेवंती. लोणावळ्याच्या टांगातळावर तिच्याइतके नेटके जनावर दुसरे नव्हते. अमीना तिला रोज स्वतः खरारा करी, तिच्या आयाळीत रिबिनी गुंफी, आणि हुसेनभाई थट्टेने म्हणत की मुलगी सासरी गेली तिची सगळी वेणीफणी आता या घोडीच्या वाट्याला आली आहे.

पौष लागला तेव्हा हुसेनभाई तिला घेऊन दवाखान्यात आले. "डाक्टरसाब, जरा सर्दी झालीया. थंडीचे दिस हायत," ते म्हणाले. एकाच नाकपुडीतून चिकट, पिवळसर स्राव येत होता. जबड्याखाली बोटे फिरवली तर सुपारीसारखी टणक, हाडाला चिकटलेली गाठ हाताला लागली. घोड्यांना होणारा एक असाध्य रोग आहे. ग्लँडर्स त्याचे पुस्तकातले नाव. टांगेवाले त्याचे नाव घेत नसत, नुसते 'ती बिमारी' म्हणत. तो एका घोड्याचा दुसऱ्याला होतो. एवढेच नव्हे, तो माणसालाही होतो, आणि त्यावर तेव्हा कुठलेही औषध नव्हते. म्हणून कायद्याने असे जनावर मारून, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे लागे.

मी शेवंतीच्या खालच्या पापणीत परीक्षेची लस टोचली. रोग नसेल तर डोळा जसाच्या तसा राहतो. असेल तर तो सुजतो, आणि त्यातून पू वाहू लागतो. दोन दिवसांनी मी सोपानभाऊला घेऊन कुसगावला गेलो तेव्हा शेवंतीचा डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि पुवाची पिवळी रेघ गालावरून ओघळून वाळली होती. शंकेला जागा नव्हती. घरामागच्या माळावर सोपानभाऊने दोन गड्यांकडून खड्डा खणून घेतला. ओल्या लाल मातीचा ढीग उन्हात वाफाळत राहिला.

हुसेनभाईंनी घोडीला बाहेर आणले, दोर सोपानभाऊच्या हाती दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले. मी पिस्तूल काढले. तेवढ्यात अमीना घरातून आली. हातात ओला, स्वच्छ धुतलेला फडका होता. रडत नव्हती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "डाक्टरसाब, डोळा तेवढा पुसून घिऊ द्या. घाण डोळ्यानं कशाला जायचं तिनं?"

मी तिला अडवायला हवे होते. त्या पुवात काय आहे हे त्या माळावर जमलेल्या माणसांत मला एकट्याला ठाऊक आहे, असे मी समजत होतो. पण त्या वाक्यापुढे माझे सगळे शास्त्र मुके झाले. मी बाजूला सरलो. तिने तो डोळा पुसला, इतक्या सावकाश, इतक्या हलक्या हाताने, की सुजलेली पापणी जराशी उघडली आणि आतले तांबूस तपकिरी बुबुळ उन्हात चमकले. मग ती मागे झाली. मी नळी कपाळावर टेकवली. बोट आत येऊ लागले, नळकांडे कुरकुरले. शेवंतीने एक दीर्घ, उबदार उच्छ्वास माझ्या मनगटावर सोडला, आणि त्या अर्धवट उघडलेल्या डोळ्यात मला माझीच आकृती दिसली.

मी चाप परत सोडला.

"पुन्हा तपासू," मी म्हणालो. "खात्री वाटत नाही. वीस दिवसांनी पुन्हा लस टोचू." त्या क्षणी अमीनाच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून मला वाटले, आजवरच्या साऱ्या शिक्षणाचे सार्थक झाले. दवाखान्यात परतून मी नोंदवहीत 'रोगी' या शब्दाऐवजी 'संशयित' असे लिहिले. शाई वाळेपर्यंत त्या शब्दाकडे पाहत बसलो. ते खोटे होते, आणि मला ते खोटे आहे हे ठाऊक होते.

सूचना मी दिल्या होत्या. घोडीला वेगळी बांधा, तिची बादली वेगळी ठेवा, हाताला जखम असेल तर जवळ जाऊ नका. पण शब्दांना स्वर असतो. नुकतेच जीवदान दिलेल्या माणसाच्या मऊ, तृप्त स्वरात मी ते सांगितले, आणि त्या स्वरातून भय कुणाच्या कानी पोहोचणार होते? 'तुम्ही मराल' असे शब्द मी उच्चारलेच नाहीत. ते उच्चारले असते तर माझा 'संशयित' त्याच ठिकाणी कोसळला असता.

पुढचे दिवस विचित्र सुंदर गेले. त्या रोगाची एक क्रूर खोड आहे, मध्येच तो दबून बसतो. शेवंतीचे नाक वाहायचे थांबले, डोळा निवळला, ती चंदी संपवू लागली. टांगातळावरून मी जाऊ लागलो की लोक उठून उभे राहत. कुणी म्हणे, असा डाक्टर पाहिला नाही. कुणी आपल्या तट्टाच्या नाळेचे निमित्त काढून दोन शब्द बोलायला येई. कुसगावच्या माळावरचा खड्डा तसाच उघडा होता, त्याच्या कडेची माती वाळून भुसभुशीत झाली होती, आणि मी त्याच्याकडे न पाहता पुढे जायला शिकलो होतो. खाणीत जाणे मी बंद केले. खरे सांगायचे तर दयाळू म्हणवून घेण्याची गोडी मला लागली होती. मनाच्या एका कोपऱ्यात मी असेही मानू लागलो की माझेच निदान चुकले असेल, पुस्तके चुकली असतील, आणि माझ्या अर्ध्यावर थांबलेल्या बोटाने ते आधीच ओळखले असेल.

सतराव्या दिवशी सकाळी सोपानभाऊ धापा टाकीत आला. "सायेब, हुसेनभाईच्या घरी चला. बाई लय तापानं फणफणलीया."

गावातल्या डॉक्टरांनी हिवताप म्हणून कोयनेल दिले होते. ती खाटेवर पडून होती, डोळे लाल, ओठ कोरडे. उजव्या हाताच्या तर्जनीवर, गवत कापताना विळा लागला होता तिथे, एक निळसर फोड फुटलेला होता, आणि तिथून कोपरापर्यंत कातडीखाली टणक गाठींची एक माळ चढत गेली होती. अशी माळ मी पुस्तकातल्या चित्रात घोड्याच्या पायावर पाहिली होती. मी उंबऱ्यातच थांबलो.

"रोज कोमट पान्यानं नाक धुवायची ती शेवंतीचं," हुसेनभाई म्हणाले. "लिंबाचा पाला घालून. म्हनून तर बरी झाली घोडी."

मी बाहेर येऊन गावातल्या डॉक्टरांना बोलावणे धाडले आणि ते आले तेव्हा त्यांना बाजूला घेऊन सगळे सांगितले. करण्यासारखे काहीच नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

त्याच दुपारी मी पिस्तूल आणले. दुसरी परीक्षा करायचे कारण उरले नव्हते. हुसेनभाई बायकोच्या उशाशी बसून राहिले. दोर सोपानभाऊने धरला. शेवंती ठणठणीत दिसत होती, कान उभारून ती खाणीच्या दिशेने उडालेल्या बगळ्यांकडे पाहत होती. मी नळी टेकवली आणि चाप ओढला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका लयीत, खाणीतही कधी इतका स्वच्छ ओढला नव्हता तसा. हात कापला नाही. त्या न कापण्याचीच मला नंतर किळस आली. सतरा दिवसांपूर्वी ज्या स्थैर्याची गरज होती, ते आता, कुणाच्याही उपयोगाचे उरले नसताना, आपणहून चालत आले होते.

खड्ड्यात चुना टाकून झाल्यावर मी उंबऱ्याशी गेलो. अमीना जागी होती.

"एकदाच आवाज आला," ती क्षीण आवाजात म्हणाली. "तरफडली न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो. तेवढे तरी खरे होते.

"तुमचं भलं व्हवो, डाक्टरसाब. येवढे दिस जास्ती दिलेत तिला."

पाच दिवसांनी ती गेली. तिला झालेल्या यातना मी इथे लिहिणार नाही. त्या पाहण्याचा अधिकार ज्यांना होता त्यांनी पाहिल्या. तबेला जाळला. गवताच्या छपराला आग लागली तेव्हा पौषातल्या त्या कोरड्या हवेत ज्वाळा सरळ उभ्या राहिल्या, आणि जळक्या गवताबरोबर घोड्याच्या घामाचा, चामड्याचा, तेलाचा असा घरगुती वास सुटला की जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून रडू लागल्या. वरिष्ठांकडून माझ्या अहवालाला उत्तर आले. संशय असता पुन्हा परीक्षा करण्याचा निर्णय शास्त्राला धरूनच होता, असा त्यात निर्वाळा होता. मी तो कागद कितीदा वाचला असेल! प्रत्येक वेळी वाटे, यातली एखादी ओळ तरी मला अपराधी म्हणेल. ती ओळ कधी सापडली नाही.

त्यानंतर त्या पिस्तुलाने मी आणखी काही घोडे मारले. एकदाही बोट मध्ये थांबले नाही. टांगातळावरचे लोक पुन्हा मला पाहून उठेनासे झाले. नवा डॉक्टर कठोर झाला, असे सोपानभाऊने त्यांचे बोलणे मला सांगितले, आणि मला त्याचे बरेच वाटले. मग गोळ्या संपत आल्या. तसल्या गोळ्या पुण्यामुंबईत कुठेच मिळत नाहीत असे बोहऱ्याच्या मुलाने कळवले. पुढे दुसरे महायुद्ध लागले, टांग्यांची जागा हळूहळू मोटारी घेऊ लागल्या. मी परवाना मात्र दरवेळी नवा करून घेत राहिलो. कचेरीतला कारकून विचारी, आता याचा उपयोग काय? मी सही करून कागद घडी घालून खिशात ठेवी.

हुसेनभाईंनी दुसरे जनावर घेतले नाही. खंडाळ्याच्या बाजूला एका बंगल्यावर ते माळी म्हणून राहिले. वर्षातून एकदोनदा बाजारात गाठ पडे. ते कपाळाला हात लावून सलाम करीत आणि बरोबरच्या माणसाला सांगत, "ह्ये ते डाक्टर. ह्यांनी माझ्या जनावराला दिस वाढवून दिलेते." तो सलाम घेऊन घरी यायला मला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागे.

युद्ध ऐन भरात असताना, माघातल्या एका उतरत्या दुपारी, मी त्या बंगल्यावर गेलो. मालक मुंबईला होते, दारे-खिडक्या बंद होत्या. हुसेनभाई गुलाबाच्या वाफ्यांना झारीने पाणी घालीत होते. दाढी आता पूर्ण पांढरी, मेंदी कुणी भिजवीत नसावे. भिजलेल्या मातीचा आणि शेणखताचा वास दरवळत होता. वाटेत शंभरदा जुळवलेली वाक्ये ऐन वेळी विसरलो, आणि नुसतेच म्हणालो, "हुसेनभाई, त्या दिवशी शंका नव्हती. रोग होता. मला दिसत होता."

त्यांनी झारी खाली ठेवली नाही. एका रोपाचे आळे भरले, दुसऱ्याकडे वळले.

"ठावं हाय," ते म्हणाले.

मला वाटले, त्यांनी नीट ऐकले नाही. मी पुन्हा बोलू लागलो तर त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"माझ्या बापाची दोन जनावरं ह्याच बिमारीनं गेली, डाक्टरसाब. बाप बी त्यातच गेला. त्या नाकाचा वास म्या वळखला व्हता, तुमी सुई टोचायच्या आदी. दवाखान्यात सर्दी म्हनालो त्ये उगाच." झारीतले पाणी संपले होते तरी त्यांनी ती तिरपीच धरली होती. "तुमी पिस्तूल खाली घेतलं, त्या दिसापासनं म्या शेवंतीला हात लावला न्हाई. चंदी लांबून सरकवायचो. समदं अमीना करायची. म्या बगायचो आन् गप बसायचो. तिला सांगितलं असतं तर ती रडली असती, मंग तुमाला कळलं असतं, मंग तुमी दुसऱ्या दिशी पिस्तूल घिऊन आला असता. मला वाटलं, मिटंल. घोडी बरी दिसत व्हती ना?"

त्या क्षणापर्यंत माझी अशी कल्पना होती की माझ्यासमोर दोनच दारे आहेत: एक शिव्याशापांचे आणि एक क्षमेचे, त्यांतले कुठलेही उघडले तरी मला आत जाता येईल. इतकी वर्षे मी त्या दोन दारांपुढे उभा राहण्याचे धैर्य गोळा करीत होतो. ती दारे नव्हतीच. तिथे माझ्यासारखाच एक माणूस उभा होता, आणि तोही माझ्याकडे तशाच नजरेने पाहत होता.

"पोरीला ह्यातलं कळू देऊ नका," ते म्हणाले. "तिला वाटतंय, कुनाला ठावंच नव्हतं. आईनं जनावराची सेवा केली आन् अल्लानं नेलं. तिला तसंच वाटू द्या."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

मग ते व्हरांड्यात गेले, मालकांची वेताची खुर्ची उचलून आणली, खांद्यावरच्या पंच्याने झटकून माझ्यासाठी अंगणात मांडली, आणि स्वतः पायरीवर बसले. मी खुर्चीवर बसलो नाही. त्यांच्या शेजारी पायरीवरच बसलो. त्यांनी काही हरकत घेतली नाही. समोर दरी पसरली होती, नागफणीच्या कड्यामागे सूर्य कलत होता, आणि खालून, फार खालून, घाट चढणाऱ्या गाडीची घरघर येत होती. सावली अंगणातून वर सरकत आमच्या पायांवर आली, मग गुडघ्यांवर. गारठा वाढू लागला. दूर कुठेतरी अजान झाली. हुसेनभाईंनी मान वळवून ऐकली, पण ते हलले नाहीत. मलाही घरी जायचे होते. आम्हा दोघांपैकी आधी कुणी उठायचे, तेवढेच ठरत नव्हते.